कोपऱ्यांतल्या नवख्याची किंमत

ज्या पृष्ठांतून एरव्हीं काव्यसंग्रहांचें व कादंबऱ्यांचें परीक्षण येतें, तेथें कबड्डींतील पकडीची चिकित्सा आलेली पाहून कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडण्याचा संभव आहे. त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, अपुऱ्या पुराव्यावरून एकाद्या नवख्याची किंमत ठरविणें हा जो टीकाकाराचा मूळ धंदा, तो आज साहित्याच्या चावडीपेक्षां खेळाच्या बाजारांत अधिक उघडपणें चालतो. आणि तेथें झालेली चूक रुपयांत मोजतां येत असल्यामुळें ती लपवितांहि येत नाहीं. पहिल्या संग्रहाच्या वेळीं कवीस डोक्यावर घेणारे आणि दुसऱ्याच्या वेळीं त्यास खालीं टाकणारे टीकाकार आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांत आम्हीहि एक आहों.

हा विषय सुचला तो महाडास. तेथील आमच्या कांहीं तरुण स्नेह्यांनीं २०१८ पासून एक वही चालविली आहे. प्रो कबड्डी लीगमधील खेळाडू आपसांत वांटून घेऊन प्रत्येकानें एक काल्पनिक संघ मांडावयाचा, आणि खऱ्या सामन्यांत त्या खेळाडूंनीं मिळविलेले चढाईचे व पकडीचे गुण आपल्या संघाच्या नांवावर जमा धरावयाचे, असा हा खेळ आहे. मोबाइलवर असले खेळ पैसे लावून चालत असत. ऑगस्ट २०२५ मध्यें केंद्र सरकारनें कायदा करून ते बंद केले. महाडच्या वहीस त्या कायद्याचें भय नाहीं, कारण तींत पणास लागतें तें वर्षाअखेरचें एक मटणाचें जेवण. मात्र या वहीचा एक नियम फार कडक आहे. मोबाइलवर दर सामन्यास संघ नवा मांडतां येई. येथें एकदां घेतलेला खेळाडू, तुम्ही सोडीपर्यंत किंवा बदल्यांत देईपर्यंत, वर्षानुवर्षें तुमचाच. अमेरिकेंत तिकडच्या फुटबॉलवर असाच खेळ खेळतात व त्यास ‘डायनॅस्टी’, म्हणजे राजघराणें, म्हणतात. नांव समर्पक आहे. अशा खेळांत यंदाच्या कमाईपेक्षां पुढच्या पांच वर्षांचा हिशेब महत्त्वाचा; आणि म्हणून त्यांत तरुण खेळाडूच्या मोलाचा प्रश्न सारखा डोकें वर काढतो.

वहीच्या पहिल्याच वर्षीं जो तंटा उपस्थित झाला तो अद्यापि मिटलेला नाहीं. त्या हंगामांत यूपी योद्धा संघाचा उजवा कोपरारक्षक नितेश कुमार यानें पकडीचे १०० गुण मिळविले. लीगच्या एका हंगामांत शंभरी गांठणारा तो पहिला रक्षक. त्याच हंगामांत कोल्हापूर जिल्ह्यांतील सिद्धार्थ देसाई यू मुंबाकडून पहिल्यांदांच मैदानांत उतरला आणि चढाईच्या गुणांत दोनशेंच्या पलीकडे गेला. ३६.४० लाखांस घेतलेल्या या चढाईपटूस पुढल्याच वर्षीं तेलुगू टायटन्सनें १.४५ कोटी रुपये मोजले. वहींत सिद्धार्थ ज्याच्याकडे होता त्यानें नितेशच्या धन्यास अदलाबदल सुचविली. धन्यानें ती नाकारली, आणि पुढें कित्येक वर्षें टोमणे खाल्ले. कारण नितेशला ती शंभरी पुढल्या हंगामांत पुन्हां गांठतां आली नाहीं. ‘नव्याचे नऊ दिवस’ असा कट्ट्यावरचा निकाल पडला. पुढें २०२१-२२ च्या हंगामांत दुखापतीमुळें सिद्धार्थला मोजकेच सामने खेळतां आले, तेव्हां टोमण्यांचा जोर थोडा ओसरला. पण निकाल कोणी फिरविला नाहीं. आमच्या मतें तो निकाल चुकीचा होता. नितेश थोर आणि सिद्धार्थ सामान्य, असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. एका कोपरारक्षकाचा न्याय चढाईपटूच्या मापानें केला गेला, ही आमची तक्रार आहे.

चढाईपटू स्वतः होऊन समोरच्या अंगणांत जातो. तीस सेकंदांचा तो राजा असतो. कोठें जावें, कोणास शिवावें, केव्हां परतावें, हें सर्व त्याच्या हातीं. त्याचे गुण म्हणजे बहुतांशीं त्याची करणी. रक्षकाचें तसें नाहीं. सात जणांच्या फळीच्या दोन टोकांस जे उभे राहतात ते कोपरे. चढाईपटू त्यांच्याकडे आला तर त्यांनीं घोटा किंवा मांडी धरावयाची, आणि तो आलाच नाहीं तर त्यांनीं उभें राहावयाचें. नुसतें उभें राहणें हें कोपऱ्याचें निम्म्याहून अधिक कर्तव्य आहे, आणि त्यास वहींत रकाना नाहीं.

आतां नवखा कोपरा घ्या. प्रतिपक्षाचे चढाईपटू त्याची परीक्षा पाहण्यास टपलेलेच असतात. अनुभवी कोपऱ्याच्या अंगावर जाण्यापेक्षां या पोराच्या बाजूनें आंत शिरावें, त्याला हूल द्यावी, तो उतावीळ होऊन पुढें झेपावला कीं त्याच्या हातावर टिचकी मारून परतावें, हा साधा व्यवहार आहे. परिणामीं नवख्याच्या बाजूस चढाया अधिक येतात. चढाया अधिक म्हणून पकडीच्या संधि अधिक. आणि पोरगा अंगचा चांगला असेल तर त्याचे गुणहि अधिक. पुढल्या वर्षीं चढाईपटू शहाणे होतात. ते दुसऱ्या कोपऱ्याकडे वळतात, किंवा निदान रेषा ओलांडून मोकळ्या हातांनीं माघारीं जातात. म्हणजे त्याचे गुण घटतात ते त्याचा धाक वाढला म्हणून! वहींतला हिशेबनीस त्या घसरत्या आकड्याखालीं ‘उतरती कळा’ असें लिहून मोकळा होतो. नितेशच्या शंभरीनंतरचा सर्वच फरक याच कारणानें पडला असें आम्ही म्हणत नाहीं. तेवढा दावा करण्यास प्रत्येक सामना पुन्हां पाहावा लागेल. पण हें कारण विचारांत न घेतां त्याला नऊ दिवसांचा नवा ठरविणें हा अन्याय होय.

गंमत अशी कीं, अमेरिकन फुटबॉलमध्यें मागल्या फळींतल्या ज्या रक्षकास कॉर्नरबॅक म्हणतात, तोहि नांवानें कोपऱ्याचाच रक्षक, आणि त्याचेंहि दुखणें हेंच. तेथील वहीबहाद्दर नवख्या कॉर्नरबॅकला पहिल्या वर्षापुरता मुद्दाम घेतात. कारण प्रतिपक्ष त्याच्या बाजूसच चेंडू फेंकून त्यास छळणार, आणि त्या छळांतून त्याच्या नांवावर आकडे चढणार, हें त्यांस पक्कें ठाऊक असतें. उलट न्यू यॉर्क जेट्सचा डॅरेल रिव्हिस हा २००९ च्या सुमारास असा खेळे कीं, त्याच्या बाजूस चेंडू फेंकण्यासच लोक कचरूं लागले. त्या बाजूस ‘रिव्हिसचें बेट’ असें नांव पडलें. बेटावर गलबत येईनासें झालें म्हणून कोणी त्यास निकामी बंदर म्हटलें नाहीं. आकड्यांच्या वेडांत आपल्यापुढें चार पावलें असलेल्या लोकांनीं ही गोष्ट ओळखली, आणि ज्यांनीं हुतूतूस नियमांत बसविलें, बर्लिनला १९३६ सालीं तो जगास दाखविला, त्या आम्हां महाराष्ट्रीयांस ती दिसूं नये, हें नवल आहे.

आणखी एक फसवणूक अव्वल पकडीची. मैदानांत तीन किंवा त्याहून कमी रक्षक उरले असतां केलेल्या पकडीस दोन गुण मिळतात. नियम उत्तम आहे. हरत्या संघास जीव देणारा आहे. पण त्याचा परिणाम असा कीं, ज्या संघाची फळी वरचेवर फुटते त्याच्या कोपऱ्यास दुप्पट भावाच्या संधि अधिक येतात, आणि ज्याच्या संघाचे सहासात गडी सदा शाबूत असतात त्यास एकेरी भावावरच समाधान मानावें लागतें. वहींत दोघांचे गुण एकाखालीं एक मांडले जातात.

सर्वांत मोठा लबाड रकाना मात्र जो नाहीं तोच. समजा, एका कोपऱ्यानें हंगामांत १५० वेळां झडप घातली आणि ६० वेळां पकड साधली. दुसऱ्यानें ८० वेळां घातली आणि ४५ वेळां साधली. वहींत पहिला पंधरांनीं श्रेष्ठ. पण फसलेली प्रत्येक झडप प्रतिपक्षास निदान एक गुण देते आणि स्वतःच्या संघाचा एक गडी बाहेर बसविते. पहिल्यानें ६० मिळवून ९० दिले. दुसऱ्यानें ४५ मिळवून ३५ दिले. जमाखर्चाची एवढी साधी रीत किराणा दुकानदारास कळते. टीकाकारास कळण्यास वेळ लागतो. यशस्वी पकडींचें शेंकडा प्रमाण आतां प्रसिद्ध होतें खरें, परंतु ‘पांच पकडींचा पराक्रम’ म्हणून पडद्यावर जी रोषणाई होते तींत तें प्रमाण कोणी वाचीत नाहीं.

मग तरुण कोपऱ्याचें मोल करावें तरी कसें? आमची रीत विशेष विद्वत्तेची नाहीं. चेंडूच नसलेल्या या खेळांत प्रेक्षकाची नजर चढाईपटूस चिकटते. ती तेथून सोडवून आम्ही कोपऱ्याच्या पायांवर ठेवतों. हूल पडली असतां टांच उचलली जाते काय? शेजारचा मध्यरक्षक त्याच्याकडे वळून वळून पाहतो, कीं त्याच्यावर भरंवसा टाकून आपली जागा धरून असतो? धरलेला घोटा दुसऱ्यांची साखळी येईपर्यंत हातांत टिकतो काय? आणि दोन चढाया रिकाम्या गेल्यावर जी तिसरी, गुण आणा नाहीं तर बाद व्हा अशी चढाई येते, तेव्हां तो काय करतो? त्या वेळीं गरज चढाईपटूस असते. कोपऱ्यानें थांबावयाचें असतें. वीस वर्षांचा पोरगा अशा वेळीं थांबला, तर वहींत त्याचे गुण कितीहि थोडे असोत, आम्ही त्यास बदल्यांत देणार नाहीं.

थांबण्याची ही विद्या उशिरा येते, आणि आली म्हणजे पुष्कळ टिकते. फझल अत्राचली हा इराणी डावा कोपरा २०१५ सालीं यू मुंबाबरोबर विजेता झाला. त्यानंतर त्याचा भाव चढला, उतरला: २०१८ मध्यें १ कोटी, २०२३ मध्यें १.६० कोटी, २०२४ मध्यें अवघे ५० लाख. बाजारानें त्यास म्हातारा ठरविलें होतें. आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें दबंग दिल्लीनें पुणेरी पलटणवर अंतिम सामना जिंकला तेव्हां दिल्लीच्या कोपऱ्यांत हाच म्हातारा उभा होता. त्याच २०२५ च्या लिलांवांत, एका हंगामांत चढाईचे ३६९ गुण घेऊन गेलेला आणि २०२१ मध्यें १.६५ कोटींस विकला गेलेला प्रदीप नरवाल कोणीच घेतला नाहीं, आणि तिशी गांठण्यापूर्वीं तो निवृत्त झाला. दोन माणसांवरून सिद्धान्त बांधूं नये हें आम्हांस मान्य आहे. पस्तिशीपर्यंत खेळलेले चढाईपटूहि आहेत. तरी चढाईस लागणारी चपळाई वयाबरोबर जाते आणि कोपऱ्यास लागणारी समज वयाबरोबर येते, हें खाचरांतल्या कबड्डीपासून दिल्लीच्या मॅटपर्यंत सारखेंच खरें आहे. वर्षानुवर्षें संघ राखावयाचा असेल तर या गोष्टीस मोल आहे. बाजार तें देत नाहीं, म्हणून तर शहाण्यास तेथें वाव.

आमच्या म्हणण्यावर एक अपवाद धांवून येईल याची आम्हांस जाणीव आहे. मोहम्मदरेझा शादलू हाहि इराणी आणि डावा कोपराच. २०२१ मध्यें पाटणा पायरेट्सनें त्यास ३१ लाखांस घेतलें. पहिल्याच हंगामांत त्यानें पकडीचे ८९ गुण केले. आमच्या हिशेबानें पुढें ते घटावयास हवे होते. पण पुणेरी पलटणनें २.३५ कोटी देऊन घेतलेल्या हंगामांत त्यानें ९९ केले, आणि मार्च २०२४ मध्यें पुणें प्रथमच विजेतें झालें. खुलासा असा कीं, हा गृहस्थ कोपऱ्यांत उभा राहून वाट पाहतच नाहीं. परतणाऱ्या चढाईपटूचा तो पाठलाग करतो. त्यास टाळून चढाई करणें कठीण. असा खेळाडू शतकांत एक असतो, आणि त्याचें अनुकरण करणारे गांवोगांव शंभर. मौज अशी कीं विजयानंतर पुण्यानें त्यास राखलें नाहीं. अस्लम इनामदार आदिकरून आपली तरुण मंडळी राखली. हरियाणानें त्यास २.०७ कोटींस घेतलें व विजेतेपद मिळविलें. मग हरियाणानेंहि सोडलें आणि गुजरातनें २०२५ मध्यें २.२३ कोटी दिले. त्या पैशांत गुजरातला विजेतेपद मात्र आलें नाहीं. एकट्या कोपऱ्याची किंमत करतां येत नाहीं, शेजारीं कोण उभें आहे तें विचारावें लागतें, याचा याहून महाग पुरावा मिळणें कठीण.

येथवर लिहिलें तें सर्व आम्हांस कांहीं वर्षांपूर्वीं कळावयास हवें होतें. तेव्हां आम्ही पोलादपूर तालुक्यांतील एका वाडीच्या सामन्यांस गेलों होतों. माघाचा महिना. भात निघून गेलेल्या मोठ्या खाचरांतलीं ढेंकळें फोडून, पाणी मारून, रोळ फिरवून मैदान केलेलें, फक्कीच्या रेषा, मुंबईकर मंडळींनीं वर्गणी काढून आणलेले दिवे. कबड्डी कोंकणी माणसाच्या रक्तांत आहे असें म्हणण्याची चाल आहे. रक्ताचें आम्हांस ठाऊक नाहीं, पण त्या रात्रीं थंडींत बांधावर बसलेल्या बायाबापड्यांना अव्वल पकडीचे दोन गुण कोणत्या क्षणीं लागू होतात हें आमच्याआधीं कळत होतें. पाहुणे म्हणून आम्हांस गुणलेखकाशेजारीं बसविलें आणि ‘उत्कृष्ट पकड’ हें बक्षीस कोणास द्यावें तें सुचविण्यास सांगितलें.

अंतिम सामन्यांत एका संघाचा उजवा कोपरा सात पकडी करून गेला. धडाडीचा मुलगा होता; दर झडपेस बांध उठून उभा राही. दुसऱ्या संघाचा डावा कोपरा अठराएक वर्षांचा, किरकोळ अंगाचा; त्याच्या नांवावर सबंध सामन्यांत दोन पकडी. आम्हीं वहींत पाहिलें आणि सातवाल्याचें नांव सुचविलें. चषक त्यास मिळाला. मंडप निघत असतां गुणलेखक, एस.टी. तून निवृत्त झालेले वयस्क गृहस्थ, आम्हांस बाजूस घेऊन म्हणाले, “गुरुजी, एक विचारू काय? त्या डाव्या पोराच्या अंगावर गेला कोण, तें बघितलंत काय तुम्ही?”

आम्हीं पाहिलें नव्हतें. त्यांनीं पाहिलें होतें. प्रतिपक्षाचा तालुक्यांत गाजलेला चढाईपटू त्या रात्रीं वीसएक वेळां आंत गेला, आणि त्या मुलाच्या बाजूस दोनदां. दोन्ही वेळां परतला नाहीं. सातवाल्यानें किती वेळां फसून गडी घालविले तेंहि त्यांच्या वहींत होतें. विचारण्याची तसदी आम्हीं घेतली नव्हती. पोलादपुरास कवींद्र परमानंदांची समाधि आहे. त्यांचें शिवभारत अपुरेंच राहिलें, आणि तेवढ्यावरूनहि जाणत्यांनीं त्यांची थोरवी ओळखली. त्याच मुलखांत बसून आम्हीं एका अपुऱ्या पोराचा निकाल दोन आकड्यांवरून लावला.

चषकाचें काय एवढें, असें कोणी म्हणेल. ज्यांच्या घरीं दुसरें काहीं नाहीं त्यांनीं तसें म्हणूं नये. जिल्ह्याच्या निवडीस जातांना मुलगा बरोबर नेतो तें असलेंच एकादें प्रशस्तिपत्र. जिल्ह्याकडून राज्य स्पर्धा, तेथून रेल्वेचा, पोलिसांचा किंवा कंपनीचा संघ, खेळाडूंसाठीं राखलेल्या ५ टक्के सरकारी जागा, ही ती शिडी. आणि ती न चढल्यास महाडच्या औद्योगिक वसाहतींतली कंत्राटी पाळी आहेच. त्या मुलास त्या वर्षीं दाखविण्यास कागद नव्हता. तो पाळीवर जाऊं लागला. कबड्डी सुटली नाहीं, पण बदलली. बक्षीस कशास मिळतें हें त्यानें आमच्याकडूनच शिकून घेतलें होतें.

गेल्या माघांत आम्ही पुन्हां त्याच खाचरांत गेलों. अंगानें तो भरला होता. चढाईपटू आंत आला, बोनस रेषेकडे पाय लांबवून त्यानें एक हूल दिली, आणि पूर्वीं जो मुलगा तिसऱ्या पावलापर्यंत हलत नसे त्यानें पहिल्याच पावलास झेप घेतली. चढाईपटू त्याच्या खांद्यावरून मध्यरेषेपलीकडे गेला. अर्ध्या तासांत असें चार वेळां झालें. पांच वेळां पकडहि साधली, आणि बांध उठून ओरडला. गुणलेखक तेच होते. त्यांनीं पांचाचा आकडा लिहिला, त्याच्याशेजारीं आपल्यापुरता बारीक अक्षरांत चाराचा लिहिला, आणि वही आमच्याकडे सरकविली.